कॉलेजचा अंक काढताना फोटो, टायपिंग आणि लेआउट कसं शिकायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी अंकाची नवी टीम ठरली की तेच प्रश्न फिरून फिरून येतात, कधी फोनवर, कधी कट्ट्यावर, कधी रात्री साडेअकराला मेसेजमध्ये. म्हणून पुण्यातल्या कॉलेजांमध्ये वार्षिक अंक काढणाऱ्या पोरापोरींसाठी सगळं एका जागी लिहून ठेवलंय. एका दमात वाचायची गरज नाही, जिथे अडलंय तिथे जा. पण पहिले दोन प्रश्न मात्र सगळ्यांनी वाचाच.

ताई, आमच्यापैकी कुणालाच इनडिझाइन (पानं लावायचं सॉफ्टवेअर) येत नाही, फोटोशॉपही येत नाही. आधी क्लास लावू का?

नको, निदान आत्ता तरी नको. आधी कोरे कागद घ्या, मधून दुमडा, स्टेपल करा आणि हातानेच अंकाची डमी बनवा. पानांवर नंबर टाका आणि पेन्सिलने लिहा की इथे संपादकीय, इथे कविता, इथे तांबट आळीचं फीचर, इथे मोठा फोटो. ही डमी टेबलावर ठेवली की अर्ध्या तासात कळतं काय काय लागणार आहे. आठव्या पानावर फोटोच्या बाजूने मजकूर वळवून घ्यायचा असेल तर ज्याच्याकडे आठवं पान आहे तो त्या दिवशी तेवढंच शिकेल, आणि ते त्याच्या डोक्यात पक्कं बसेल कारण पान त्याचं आहे. क्लासमध्ये तीन महिने सगळे मेनू शिकून घेतले आणि करायला काहीच नसलं की दिवाळीपर्यंत सगळं विसरलेलं असतं, हे मी बऱ्याच टीमांमध्ये बघितलंय. पानाला काय हवंय ते आधी ठरवा, टूल मागून येतं. माझं सगळं म्हणणं खरं तर एवढंच आहे, खालचे प्रश्न त्याचाच तपशील.

कामं कशी वाटायची? एक जण फोटो, एक जण टायपिंग, एक जण डिझाइन असं केलं तर चालेल ना?

शेवटी तसंच होतं, पण सुरुवात तशी करू नका. पहिल्या महिन्यात प्रत्येकाने एक जोडपान (समोरासमोरची दोन पानं) पूर्ण करायचं, म्हणजे विषय शोधायचा, माणसाला भेटायचं, फोटो काढायचे, मजकूर स्वतः टाइप करायचा आणि लेआउटही स्वतःच लावायचा, कसंही झालं तरी चालेल. असं केलं की फोटो काढणाऱ्याला कळतं की शीर्षकासाठी फोटोत रिकामी जागा लागते, आणि लिहिणाऱ्याला कळतं की १२०० शब्द एका पानात मावत नाहीत. मग नंतर आवडीप्रमाणे कामं वाटा. नाहीतर काय होतं, ज्या एका मुलाकडे लॅपटॉप असतो तोच फेब्रुवारीत रात्र रात्र बसतो आणि बाकीचे त्याला विचारत राहतात की झालं का.

डीएसएलआर नाहीये. मोबाइलवर काढलेले फोटो छापायला चालतात का?

चालतात, हिशोब करून बघा ना. छपाईसाठी साधारण ३०० डीपीआय धरतात, म्हणजे एका इंचात ३०० पिक्सेल. ए-फोर पान पूर्ण भरायला २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात. साध्या १२ मेगापिक्सेलच्या फोनचा फोटो ४००० × ३००० असतो, त्यामुळे उभा धरून काढला तर पूर्ण पानालाही पुरतो. आडवा काढून नंतर उभा कापायला गेलात की मात्र पिक्सेल कमी पडायला लागतात. म्हणून डमीत ते पान बघूनच फोटो काढायला जा, उभा हवा की आडवा हे तिथे जायच्या आधी माहीत पाहिजे.

तीन गोष्टी पाळा. बोटांनी झूम करू नका, चालत पुढे जा, कारण डिजिटल झूम म्हणजे नुसतं कापून मोठं करणं असतं. निघायच्या आधी लेन्स स्वच्छ पुसा, खिशातल्या फोनच्या लेन्सवर बोटांचा तेलकटपणा असतोच आणि दिव्यासमोर सगळं धुरकट येतं. आणि चेहरा काढताना मुख्य लेन्सने अगदी जवळ जाऊ नका, ती वाइड असते, नाक मोठं आणि कान बारीक दिसतात. फोनला टूएक्सची वेगळी लेन्स असेल तर ती घ्या, नसेल तर दोन पावलं मागे जा.

कॅमेरा विकत घ्यायची घाई करू नका. कुणाच्या तरी काकांकडे जुना डीएसएलआर पडून असतो, तो मागा.

प्रो मोडमध्ये शटर, आयएसओ वगैरे असतं ते काय असतं? ऑटोवर ठेवलं तर बिघडतं का?

ऑटोवर नव्वद टक्के कामं होतात. उरलेल्यासाठी हे समजून घ्या, आणि समजून घ्यायला मी दरवेळी पोरांना कसब्यातल्या तांबट आळीत पाठवते. तिथे तांब्याच्या भांड्यांचं मठारकाम अजून हाताने चालतं, म्हणजे भांड्यावर हातोडीने एकसारखे ठोके देत नक्षी उठवतात. दुकान आतून अंधारं असतं, उजेड एकट्या दारातून येतो, आणि हातोडी सतत हलत असते.

आता फोन ऑटोवर ठेवून फोटो काढला तर दोन गोष्टी होतात. हातोडी पुसट येते, आणि तांब्यावर जिथे दाराचा उजेड पडतो तिथे पांढरा ठिपका जळून जातो, त्यात नक्षीच दिसत नाही. शटर म्हणजे उजेड किती वेळ आत घ्यायचा. १/५०० ठेवलं की हातोडी हवेत थांबलेली दिसते, १/३० ठेवलं की हातोडीची रेघ उमटते आणि कारागिराचा चेहरा तेवढा स्थिर राहतो, तोही फार छान फोटो असतो पण फोन कशावर तरी टेकवावा लागतो. शटर फास्ट केलं की उजेड कमी पडतो, मग आयएसओ वाढवावा लागतो, आणि आयएसओ वाढवला की फोटोत दाणे येतात. कॅमेऱ्यात तिसरी गोष्ट असते ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक लहानमोठं करणं, बहुतेक फोनमध्ये ते बदलता येत नाही. चकाकणाऱ्या ठिपक्यासाठी स्क्रीनवर भांड्याच्या उजळ भागावर टॅप करा आणि एक्स्पोजरची पट्टी थोडी खाली ओढा. सावल्या नंतर उजळवता येतात पण जळलेला पांढरा भाग परत येत नाही, तिथे माहितीच उरलेली नसते.

हातोडीचे ठोके एका लयीत पडतात, थोडा वेळ नुसते ऐकत उभे राहा, मग हात वर कधी जाणार ते आपोआप कळतं. हे कुठल्याही मोडमध्ये मिळत नाही. आणि कारागीर कामात असतात, त्यांचा वेळ घेतोय हे लक्षात ठेवा, आधी विचारा आणि छापलेला अंक नंतर नेऊन द्या.

गॅदरिंगचे आणि नाटकाचे फोटो दरवर्षी लाल-निळे नाहीतर पट्टेपट्टे का येतात?

पट्ट्यांचं कारण सोपं आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला ते दिसत नाही पण शटर फार फास्ट असलं की फोटोत आडव्या पट्ट्या येतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवून बघा, बऱ्याचदा पट्टे जातात. जास्त फास्ट शटर लागत असेल तर कुठल्या दिव्याखाली पट्टे येतात ते रंगीत तालमीतच टेस्ट करून ठेवा.

रंगांचं म्हणाल तर लाल किंवा निळ्या एलईडीत चेहरा एकाच रंगाचा होऊन तपशील मरतो. थोडं थांबा, प्रत्येक नाटकात पांढरा किंवा पिवळा प्रकाश कधीतरी येतोच, तेव्हा काढा. नाहीतर तो फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून टाका.

भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका असोत की कॉलेजचा हॉल, प्रयोगात फ्लॅश मारायचा नाही, कधीच नाही. समोरच्या नटाला काही सेकंद काही दिसत नाही. फोटो तालमीत काढा, ग्रुपला विचारून. तालमीतले फोटो मला तरी प्रयोगापेक्षा जास्त आवडतात, घामेजलेले चेहरे, खाली पडलेल्या संहिता, कोपऱ्यात झोपलेला लाइटवाला.

पालखी आणि गणपतीत फोटो काढायला जायचंय, काय लक्षात ठेवू?

पालखीत गर्दीच्या मागे धावू नका. ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबाला आणि तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला मुक्कामी असते, आणि मुक्कामात वारकरी बसलेले असतात, कुणी पाय चोळतंय, कुणी धोतरं वाळत घालतंय, कुणी फोनवर गावाकडे बोलतंय. तिथे जाऊन आधी बसा, बोला, गाव विचारा. फोटो मग मिळतात आणि कॅप्शनसाठी नावगावही मिळतं.

ढोलताशाच्या मिरवणुकीत टिपरू हवेत पकडायचं असेल तर १/५०० च्या आसपास शटर लागतं, संध्याकाळनंतर ते अवघड जातं, म्हणून नदीपात्रातल्या सरावाला उजेड असताना जा. गुलालात डीएसएलआरची लेन्स बदलू नका, पूड आत सेन्सरवर बसते. आणि कान सांभाळा, कापूस घाला.

ड्रोन?

सोडा तो नाद. लोहगावला हवाई दलाचा तळ, शहरभर लष्कराची ठिकाणं, परवानगीचे नियम कडक. पर्वतीच्या पायऱ्या चढा, शहर वरून दिसतं.

शनिवारवाड्यात, पाताळेश्वरला फोटो काढायला परवानगी लागते का?

ही दोन्ही पुरातत्त्व खात्याची संरक्षित ठिकाणं आहेत. हातात फोन-कॅमेरा धरून साधे फोटो काढता येतात, ट्रायपॉड लावायचा असेल तर परवानगी काढावी लागते. म्युझियममध्ये वेगवेगळे नियम असतात, तिकीट खिडकीवर विचारून घ्यायचं, वाद घालत बसायचं नाही.

रस्त्यावर लोक चिडतात फोटो काढला की. काय करू?

चिडणारच, आपणही चिडलो असतो. मंडईत भाजीवाल्या मावशींचा लांबून चोरून फोटो काढण्यापेक्षा आधी पावशेर काहीतरी घ्या, सांगा की मावशी आम्ही कॉलेजचा अंक काढतोय, तुमचा फोटो छापू का. नाही म्हणाल्या तर नाही, विषय संपला. हो म्हणाल्या तर काढलेला फोटो त्यांना दाखवा. लहान मुलांचे फोटो आईवडिलांना विचारल्याशिवाय छापायचे नाहीत. आजारी, रडणारी, झोपलेली माणसं, यांच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे, काढू नका. फोटो कितीही भारी आला तरी त्या माणसाला तो अंक हातात देताना आपल्याला बरं वाटलं पाहिजे.

ग्रुप फोटोत कुणाचे तरी डोळे मिटलेलेच असतात…

एका पोझचे पाच-सहा फोटो काढा, न थांबता. दुपारी बाराच्या उन्हात उभं करू नका, डोळ्यांखाली काळं येतं, इमारतीच्या सावलीत घ्या. तीन रांगा असतील तर फोकस दुसऱ्या रांगेवर. आणि फोटो झाला की कुणालाही हलू देऊ नका, तिथेच एका जणाने मागची रांग डावीकडून, मधली रांग डावीकडून अशी सगळी नावं लिहून घ्यायची. फोनमध्ये व्हिडिओ लावून प्रत्येकाला स्वतःचं नाव बोलायला लावलं तरी चालतं, आडनावांचे उच्चारही कळतात.

कॅप्शन एवढी महत्त्वाची असते का? "सांस्कृतिक कार्यक्रमातील एक क्षण" लिहिलं तर?

नाही चालणार, आणि यावर मी अडून बसते. जुने अंक काढून बघा कुठल्याही कॉलेजच्या लायब्ररीत, पन्नास वर्षांपूर्वीचा सुंदर ब्लॅक अँड व्हाइट फोटो असतो, पाच मुली सायकली घेऊन गेटात उभ्या, आणि खाली लिहिलेलं असतं "विद्यार्थिनी". त्या कोण होत्या, पुढे काय झाल्या, आता कुणालाच सांगता येत नाही. कोण, कुठे, कधी आणि काय चाललंय हे कॅप्शनमध्ये आलंच पाहिजे, आणि ज्याने फोटो काढला त्याचं नाव बाजूला बारीक अक्षरात. शिपाईकाका असतील तर त्यांचंही पूर्ण नाव, "शिपाई" नाही. नाव कसं लिहायचं ते त्यांनाच विचारा, रणदिवे की रणदिवें, अभ्यंकर की अभ्यंकार, आपण ठरवायचं नसतं.

फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले तर चालतील का?

साधे पाठवले तर नाही. तिथे फोटो लहान होतो, लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते, म्हणजे ३०० डीपीआयने जेमतेम साडेतेरा सेंटिमीटर. स्क्रीनवर झकास दिसतो म्हणून कुणाला कळत नाही आणि छापून आल्यावर पूर्ण पानाचा फोटो फुटतो. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मूळ फाइल जशीच्या तशी जाते. त्याहून बरं म्हणजे एक सामायिक गूगल ड्राइव्ह, फुकट खात्यात १५ जीबी मिळतात, अंकाला पुरतात. फाइलला नाव द्या, तारीख, विषय, काढणाऱ्याचं नाव, म्हणजे शोधता येतं. आणि ड्राइव्हवर आहे म्हणून निर्धास्त राहू नका, एक कॉपी कुणाच्या तरी हार्ड डिस्कवर पाहिजेच.

एडिटिंग किती करायचं? फिल्टर लावू का?

फिल्टर नको. सरळ करा, कापा, उजेड आणि रंग ठीक करा, बास. चेहरे गोरे करायची जी सवय लागलीय ना ती अंकात आणू नका, पोरींच्या फोटोंवर तर अजिबात नाही, कुणाची त्वचा आहे तशी छापायची. मोबाइलवर स्नॅपसीड पुरतं, कॉम्प्युटरवर गिंप फुकट आहे, रॉ फोटो (कॅमेऱ्यातून प्रक्रिया न होता आलेली फाइल) असतील तर डार्कटेबल किंवा रॉथेरपी. मूळ फाइलवर कधी सेव्ह करू नका, कॉपीवर काम करा.

एक छपाईची गोष्ट मात्र लक्षात घ्या, साध्या मॅपलिथो कागदावर शाई पसरते आणि फोटो स्क्रीनपेक्षा गडद येतो. तिथे जाणारे फोटो थोडे उजळ ठेवा, विशेषतः सावळे चेहरे आणि काळे केस.

लेख वेगवेगळ्या फॉन्टमध्ये येतात, कॉपी केलं की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. का?

कारण तो लेख जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलाय. श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असायचे, तो फॉन्ट तुमच्या मशीनवर नसला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. श्री-लिपी पुण्यातच तयार झालं आणि डीटीपीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावायला लागले त्या काळात त्याच्यावर महाराष्ट्रभर अंक निघाले, त्यामुळे जुन्या मंडळींना त्याची सवय आहे, त्यांना नावं ठेवू नका. कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच दिसेल अशा पद्धतीत करून घ्या आणि मग रफार, जोडाक्षरं, ऱ्य-ऱ्ह आणि अवतरणचिन्हं डोळ्यांनी तपासा, गडबड तिथेच होते. विद्यार्थ्यांकडून मात्र पहिल्याच सूचनेत लिहून घ्या की लेख युनिकोडमध्येच द्यायचा.

मराठी टायपिंग पटकन कसं शिकू?

फोनवर जीबोर्ड आहेच, गूगल डॉक्समध्ये बोलून टायपिंगही होतं, मुलाखती उतरवायला बरं पडतं पण विरामचिन्हं सगळी हाताने घालावी लागतात. पण ज्याला खरंच पानं लावायची आहेत त्याने इनस्क्रिप्ट हा कीबोर्ड शिकावा. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं, अशी रचना आहे, रोज अर्धा तास दिला की महिन्याभरात हात बसतो आणि जन्मभर कामाला येतं.

दोन अक्षरं नेहमी चुकतात. "दऱ्या", "शेतकऱ्यांच्या", "तऱ्हा" मधला ऱ वेगळा आहे, इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून र ची कळ दाबली की येतो, साधा र घातला की "दर्या" होऊन अर्थच बदलतो. आणि "ॲ", तो दोन पद्धतींनी टाइप होतो, दिसायला सारखाच, पण शोधा-बदला करताना कॉम्प्युटरला ते वेगळे शब्द वाटतात. टीमने एकच पद्धत ठरवा.

लेआउटला कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?

जे टीममध्ये दोघांना तरी येतं ते. कॉलेजच्या लॅबमध्ये इनडिझाइन असेल तर उत्तमच, फक्त त्यात पॅराग्राफच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा, नाहीतर पहिली वेलांटी भलतीकडे जाते आणि जोडाक्षरं फुटतात, आणि तुम्ही दोन दिवस फॉन्टला दोष देत बसाल. फुकटात हवं असेल तर स्क्रायबस, पण १.५ किंवा त्यापुढची आवृत्ती घ्या, आधीच्यात देवनागरी नीट जुळत नाही. कॅनव्हा पोस्टरला, मुखपृष्ठाच्या कल्पना करून बघायला छान आहे, शंभर पानी अंक त्यात लावताना दमछाक होते. साधा छोटा अंक असेल तर लिबरऑफिस रायटरमध्येसुद्धा होतो.

सॉफ्टवेअर कुठलंही असो, पॅराग्राफ स्टाइल (फॉन्ट, साइज वगैरेंची एकदाच ठरवलेली सेटिंग) आणि मास्टर पान (सगळ्या पानांचा सारखा साचा) या दोन गोष्टी पहिल्या दिवशी शिका. शेवटच्या आठवड्यात सगळ्या अंकाचा फॉन्ट अर्धा पॉइंट कमी करायची वेळ येते, तेव्हा स्टाइल लावलेली असेल तर एका क्लिकचं काम असतं.

फॉन्ट कोणते वापरू? आणि साइज?

मजकुराला एक, शीर्षकांना एक, एवढ्यावर थांबा. मुक्ता, टिरो देवनागरी मराठी, नोटो, बालू हे सगळे मोकळ्या परवान्याचे आहेत, छापायला पैसे नाहीत. टिरोची मराठी आवृत्तीच घ्या, त्यात ल आणि श आपल्या वळणाचे आहेत. मजकूर ११-१२ पॉइंट, आणि दोन ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागतं कारण आपल्याकडे वर मात्रा आणि खाली उकार असतात, १२ ला १७-१८ ठेवून बघा. अरुंद कॉलममध्ये मजकूर दोन्हीकडून ताणून बसवू नका, शब्दांमध्ये भगदाडं पडतात, डावीकडून सरळ ठेवलं तरी पान छान दिसतं.

गूगलवरून फोटो घेतला आणि खाली "साभार गूगल" लिहिलं तर?

गूगल फोटो काढत नाही, फोटो कुणीतरी माणसाने काढलेला असतो. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि भारतात फोटोचा हक्क फोटो काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. विकिमीडिया कॉमन्सवर क्रिएटिव्ह कॉमन्सचे फोटो मिळतात, तिथे फोटोखाली लिहिलेलं असतं की नाव कसं द्यायचं, तसं द्या. पण शनिवारवाडा बसच्या अंतरावर असताना त्याचा फोटो डाउनलोड का करायचा? जा की.

एआयने चित्र किंवा लेख करून घेतला तर चालेल?

शुद्धलेखन तपासायला, मुलाखतीचं रेकॉर्डिंग उतरवायला मदत घ्या, नावं आणि आकडे स्वतः तपासून. चित्रं आणि लेख मात्र नको. एआयने केलेल्या वाड्याला दरवाजा भलताच असतो आणि माणसांचे पेहराव कुठलेही. त्याहून मोठं कारण म्हणजे हा अंक तुमच्या वर्षातल्या मुलांचा आहे. एफवायच्या मुलीने काढलेलं थोडं वाकडं रेखाचित्र छापलं तर ती पुढच्या वर्षी टीममध्ये येते. एवढं मला पुरेसं आहे.

प्रूफ कोण आणि कसं वाचणार?

ज्याने टाइप केलं त्याने नाही, दुसऱ्याने, आणि कागदावर प्रिंट काढून. एक वाचन शुद्धलेखनाचं, साहित्य महामंडळाचे १८ नियम आहेत, ते टेबलावर ठेवा. दुसरं वाचन फक्त नावं, पदं, तारखा, टक्के. तिसरं फक्त शीर्षकं, कॅप्शन आणि पान नंबर, कारण मोठ्या अक्षरातली चूक कुणालाच दिसत नाही, सगळे बारीक मजकुरात बघत असतात. दोघांनी बसून एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने बघायचं, जुने मुद्रितशोधक असंच करायचे आणि अजून याच्याइतकं पक्कं काही नाही.

"केलं" की "केले", "पुणं" की "पुणे", आकडे देवनागरी की इंग्रजी, हे एका कागदावर ठरवून भिंतीला चिकटवा.

प्रेसमध्ये गेल्यावर काय काय विचारतात?

पानं किती, साइज काय, प्रती किती, आतला कागद किती जीएसएम (कागदाच्या एका चौरस मीटरचं ग्रॅममध्ये वजन), कव्हर काय, कलर पानं किती, बाइंडिंग कोणतं. हे कागदावर लिहून घेऊन नारायण-सदाशिव पेठेतल्या दोन-तीन प्रेसमध्ये तोच कागद दाखवा, तर भावांची तुलना होईल. सेंटर पिन असेल तर पानं चारच्या पटीत लागतात, आणि १६ पानांचे फॉर्म (एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पानं) पडत असतील तर कलर पानं एकाच फॉर्ममध्ये ठेवली की खर्च वाचतो, हे डमी करतानाच प्रेसवाल्या काकांना विचारून घ्या. प्रती कमी असतील तर डिजिटल प्रिंट परवडतं, जास्त असतील तर ऑफसेट, कारण ऑफसेटला प्लेटचा खर्च एकदाच असतो. आत ७०-८० जीएसएम मॅपलिथो आणि कव्हरला २५०-३०० चं आर्ट कार्ड ही नेहमीची जोडी.

फाइल देताना चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (पान कापताना निघून जाणारी जास्तीची कड), म्हणजे ए-फोरला २१६ × ३०३ मिलिमीटर. फॉन्ट पीडीएफमध्ये एम्बेड झालेले, म्हणजे फाइलच्या आतच बसवलेले. रंग सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांचे. काळा मजकूर नुसत्या काळ्या शाईत, चार रंगांच्या मिश्रणात गेला तर प्लेटा जराशा सरकल्या तरी अक्षरांना रंगीत कडा येतात. स्क्रीनवरचा झगझगीत निळा आणि हिरवा कागदावर तसा येत नाहीच, आधी एका पानाचा कलर प्रूफ बघा.

आणि सगळ्या टीमने एकदा छपाई बघायला जा, काकांना विचारून, गर्दी करायची नाही. मशीनवरून ओला कागद उचलून भिंगातून बघितला की फोटो म्हणजे चार रंगांचे ठिपके असतात हे दिसतं. डीपीआय वगैरे सगळं त्या क्षणी समजतं.

छापील नको, ई-अंकच काढू का? खर्च वाचेल.

काढा, पण छापील पानाची पीडीएफ फोनवर वाचवत नाही, दर ओळीला बोटांनी मोठं करावं लागतं. फोनसाठी लेआउट वेगळा करा, एकच कॉलम, मोठं अक्षर. मजकूर चित्र म्हणून टाकू नका, खरा युनिकोड मजकूर ठेवा आणि फोटोंना वर्णन लिहा, म्हणजे तुमच्या कॉलेजमधली दृष्टिहीन मुलंही स्क्रीन रीडरवर अंक ऐकू शकतील. हे करायला फारसा वेळ लागत नाही आणि फार कमी अंक हे करतात. मला विचाराल तर थोड्या का होईना छापील प्रती हव्यातच, लायब्ररीत ठेवायला.

विषयच सुचत नाहीत. त्याच कविता, तेच सहलीचं वर्णन…

बाहेर पडा. जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी जा, बुरूड आळीत जा, अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं विकणाऱ्यांशी बोला. तुमच्या मेसच्या काकू कुठून आल्या ते विचारा. होस्टेलच्या मुलांना विचारा पुण्यात पहिला महिना कसा गेला. छपाईवरच फीचर करा ना, याच पेठांमधून १८७७ ला कृष्णराव भालेकरांचं दीनबंधू निघालं, १८८१ ला केसरी सुरू झाला, आणि आज त्याच गल्ल्यांत तुमचा अंक छापला जाणार आहे. बालगंधर्वच्या कलादालनात फोटोंचं प्रदर्शन लागलं की टीमने मिळून जायचं, स्क्रीनवर हजार फोटो बघण्यापेक्षा भिंतीवरचे वीस फोटो जवळून बघितले की जास्त शिकायला मिळतं.

सर म्हणतात मुखपृष्ठ बाहेरून करून घेऊ. काय करावं?

सरांशी भांडू नका, तीन मुखपृष्ठं करून घेऊन जा. नीट प्रिंट काढलेली, खऱ्या साइजची, त्यावर अंकाचं नाव आणि वर्ष टाकलेली. हातात तयार वस्तू दिली की बहुतेक सर हो म्हणतात, त्यांनाही मुलांचं काम हवंच असतं, वेळेत होईल का ही त्यांची काळजी असते. म्हणून तारखेच्या आधी द्या.

अंक आला, वाटला, झालं. आता फाइल्स उडवल्या तर चालतील? लॅपटॉप भरलाय.

थांबा, आधी हे करा. लेआउटची मूळ फाइल, सगळे मूळ फोटो, फॉन्ट आणि प्रेसला दिलेली शेवटची पीडीएफ एका फोल्डरमध्ये. त्यात एक साधी मजकूर फाइल, कुणी काय केलं, कुठल्या सॉफ्टवेअरची कुठली आवृत्ती, कुठली प्रेस, कागद कोणता, किती दिवस लागले, कुठे अडलं. एक कॉपी लायब्ररीला द्या आणि रजिस्टरमध्ये नोंद करून घ्या, एक पुढच्या वर्षीच्या टीमला, एक ड्राइव्हवर, कॉलेजच्या खात्यात, कारण तुमचं खातं तुमच्याबरोबर निघून जाईल. ज्यांचे फोटो छापले त्यांना प्रती पोचल्या का त्याची यादी त्याच फोल्डरमध्ये ठेवा, आणि ज्यांच्या राहिल्यात त्यांच्याकडे या रविवारी जाऊन या.